सकाळी बोटं आखडतात, मूठ वळत नाही: हे खरंच वयामुळे आहे का?

प्रश्न थोडक्यात असा: वडील ७२ वर्षांचे आहेत, मधुमेह बरीच वर्षं आहे. गेलं वर्षभर सकाळी उठल्यावर दोन्ही हातांची बोटं ताठ झालेली असतात, मूठ पुरती वळत नाही, शर्टाची बटणं लावायला फार वेळ लागतो. घरचे म्हणतात, वय झालं, आता हे असंच चालायचं. हे वयामुळे आहे की कुणाला दाखवायला हवं?

दाखवायला हवं. मी फिजिओथेरपिस्ट आहे आणि गेली २२ वर्षं मुख्यतः हातांवरच काम करते. ‘वय झालं’ हे वाक्य माझ्याकडे येणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाने आधी कुणाकडून तरी ऐकलेलं असतं, आणि त्यापायी कित्येकांची दोन-तीन वर्षं वाया गेलेली असतात. वयाबरोबर काही आजार वाढतात हे खरं आहे. पण वय हे काही निदान होत नाही. ऐंशीतले कितीतरी हात सकाळी उठल्या उठल्या पूर्ण मिटतात. वडिलांची बोटं मिटत नसतील तर त्याला नेमकं काहीतरी कारण आहे, आणि या वयात बहुतेक वेळा एकाहून जास्त कारणं असतात.

खरी अडचण ‘आखडणं’ या शब्दातच आहे. एकाचा सांधा सुजून घट्ट झालेला असतो, दुसऱ्याचं बोट वाकतं पण अडकून बसतं, तिसऱ्याला बोटं बधिर झाल्यामुळे वस्तू नीट धरता येत नाही, चौथ्याचं बोट मऊ-मोकळं असतं पण ऐकतच नाही. चौघंही सांगतात, ‘बोटं आखडतात.’ म्हणून मी औषध-व्यायामाचं बोलण्याआधी एक साधी गोष्ट करून बघते. तुम्हीही ती घरी करू शकता.

वडिलांना टेबलाशी बसवा, कोपर टेकवू द्या. आधी त्यांनी स्वतःहून मूठ वळायची. बोटांची टोकं तळहातापासून किती लांब राहतात ते बघा, पट्टीने मोजून लिहून ठेवा. मग तुम्ही तुमच्या हाताने एकेक बोट हळूच, दुखणार नाही इतपत, आणखी वाकवून बघा. तुमच्या हाताने बोट सहज तळहातापर्यंत जात असेल, पण त्यांना स्वतःहून नेता येत नसेल, तर सांधा मोकळा आहे. मग दोष बोट ओढणाऱ्या दोरीत, म्हणजे टेंडनमध्ये, किंवा तिला हुकूम देणाऱ्या नसेत, मानेत, मेंदूत शोधायचा. तुमच्या हातानेही ते जात नसेल तर कारण बहुधा सांध्यात, त्याच्या आवरणात किंवा त्वचेत असतं. दोन मिनिटांच्या या तपासणीतून जे कळतं ते एक्स-रेमध्ये दिसत नाही.

आता कारणांकडे येते.

सगळ्यांत जास्त दिसणारं कारण म्हणजे सांध्यांची झीज, ऑस्टिओआर्थ्रायटिस. यात ठरलेल्या जागा दुखतात: नखाजवळचा सांधा, बोटाचा मधला सांधा आणि अंगठ्याचं मूळ. नखाजवळच्या सांध्यावर दोन्ही बाजूंना टणक उंचवटे येतात. त्यांना हेबरडेनच्या गाठी म्हणतात, अठराव्या शतकातल्या विल्यम हेबरडेन या इंग्रज डॉक्टरच्या नावावरून. मधल्या सांध्यावरच्या तशाच गाठींना बुशारच्या गाठी म्हणतात. रजोनिवृत्तीनंतर बायकांमध्ये हे जास्त दिसतं आणि घराण्यातही चालतं. आईचे हात असे होते का, असं विचारलं की बरेच जण मान डोलावतात.

झिजेचं आखडणं सकाळी साधारण अर्ध्या तासाच्या आत सुटतं. दिवसा बराच वेळ बसून उठल्यावर पुन्हा थोडं येतं, हालचाल केली की जातं, आणि खूप काम झालं की संध्याकाळी दुखतं. रात्री हात स्थिर असतो, सांध्याभोवती पाणी साचतं, सांध्यातलं वंगण फिरत नाही. सकाळी दहा-वीस वेळा बोटं हलली की ते पुन्हा पसरतं.

अंगठ्याच्या मुळाबद्दल थोडं जास्त लिहिते, कारण ते सगळ्यांत जास्त दुर्लक्षित राहतं. माणूस सांगतो ‘मनगट दुखतं’ आणि बोट ठेवतो ते अंगठ्याच्या बुंध्यावर. चिमटीत किल्ली धरून फिरवताना, बरणीचं झाकण उघडताना, नळ घट्ट बंद करताना कळ येते. चिमटीच्या टोकाशी १ किलोचा जोर लावला तर अंगठ्याच्या मुळाशी सुमारे १२ किलोचा दाब पडतो. म्हणून पेन जाड करणं, किल्लीला मोठी मूठ बसवणं, झाकणासाठी रबरी पकड वापरणं या गोष्टी क्षुल्लक वाटल्या तरी खरोखर उपचार आहेत. अंगठ्याला आधार देणारा छोटा पट्टा कामाच्या वेळी घातला तर अनेकांचं दुखणं काही आठवड्यांत कमी होतं.

झिजेपासून वेगळा ओळखायलाच हवा असा आजार म्हणजे आमवात, ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस. हा तरुण किंवा मध्यमवयीन बायकांचा आजार अशी समजूत आहे, पण तो साठीनंतरही सुरू होतो, पुरुषांनाही होतो, आणि उतारवयात कधी कधी अगदी थोड्या दिवसांत जोर धरतो. यात नखाजवळचे सांधे बहुधा सुटतात. सुजतात ते मनगट, बोटांचे मधले सांधे आणि बोट जिथे तळहाताला जुळतं ते सांधे, म्हणजे मूठ वळल्यावर वर येणारे चार उंचवटे. सूज दाबली तर टणक लागत नाही, मऊ लागते. बहुतेक वेळा दोन्ही हात सारखेच धरतात. आणि सकाळचं आखडणं तासभर, कधी दोन-तीन तास टिकतं. हस्तांदोलन करताना कुणी हात जरा दाबला आणि माणूस कळवळला, तर मी त्या दिवशीच संधिवाताच्या डॉक्टरांकडे जायला सांगते. इथे महिन्यांना किंमत आहे. योग्य औषधं लवकर सुरू झाली तर सांधे वाचतात, आणि एकदा वाकडे झालेले सांधे व्यायामाने सरळ होत नाहीत.

यातली दोन गैरसमजुतींची ठिकाणं सांगते. आर. ए. फॅक्टर ही रक्ततपासणी पॉझिटिव्ह आली म्हणजे आमवात झालाच असं नसतं. निरोगी वृद्धांमध्येही ती कधी कधी पॉझिटिव्ह येते. आणि निगेटिव्ह आली म्हणून आमवात नाही असंही नसतं. सुजलेला हात बघून, ई. एस. आर., सी. आर. पी. आणि अँटी सी. सी. पी. या इतर रक्ततपासण्यांसोबत जुळवून डॉक्टर ठरवतात. दुसरं, आमवातावरचं मेथोट्रेक्सेट हे औषध लिहून दिलं तर ते आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं. चुकून रोज घेतलं गेल्यामुळे जीव धोक्यात आल्याची उदाहरणं आहेत. वृद्ध माणसाच्या औषधाच्या डबीवर तो वार मोठ्या अक्षरात लिहून ठेवा.

हातांबरोबर दोन्ही खांदे आणि मांड्याही सकाळी जखडत असतील, अंथरुणात कूस बदलणं जड जात असेल, तर पॉलिमायल्जिया ऱ्हुमॅटिका नावाचा आजार असू शकतो. तो पन्नाशीच्या आधी जवळजवळ होत नाही आणि स्टिरॉइडच्या कमी डोसने बहुतेकांना काही दिवसांतच मोठा फरक पडतो. त्यासोबत नव्याने डोकं दुखू लागलं, चावताना जबडा दुखू लागला किंवा नजर धूसर झाली तर त्याच दिवशी रुग्णालय गाठायचं. डोक्याच्या रक्तवाहिन्यांना सूज आलेली असू शकते आणि उशीर झाला तर दृष्टी जाते.

आता मधुमेह. तुमच्या वडिलांच्या बाबतीत माझं पहिलं लक्ष इथेच जाईल. साखर वर्षानुवर्षं वाढलेली राहिली की ती त्वचेतल्या, टेंडनच्या आवरणातल्या आणि सांध्याभोवतीच्या कोलॅजन या प्रथिनाला चिकटते. त्याचे धागे एकमेकांत गुंततात आणि ऊती जाड, ताठर होतात. त्यातून हातात चार वेगवेगळ्या गोष्टी होऊ शकतात. एकाच हातात चारही झालेल्या मी पाहिल्या आहेत.

पहिली, सांध्यांचा मधुमेही ताठरपणा. दुखत फारसं नाही, सूज नसते, पण बोटं पूर्ण सरळही होत नाहीत. दोन्ही तळहात नमस्कारासारखे जोडायला सांगा. निरोगी हातात बोटं आणि तळवे पूर्ण चिकटतात. इथे बोटांच्या मधल्या सांध्यांशी फट राहते, आरपार उजेड दिसतो. बोटांच्या पाठीवरची त्वचा मेणासारखी, जाडसर लागते, चिमटीत धरायला गेलं तर उचलली जात नाही. आयुष्यभर सुईकाम केलेल्या एका आजींचा हात मला आठवतो. फट करंगळीपासून सुरू होऊन तर्जनीपर्यंत पोचली होती, आणि त्या मला पुन्हा पुन्हा सांगत होत्या की हात अगदी बरा आहे, दुखत नाही ना! दुखत नाही म्हणूनच हा प्रकार उशिरा कळतो. ज्याच्या हातात हा सापडतो त्याचे डोळे आणि मूत्रपिंडंही तपासून घ्यावीत, कारण मधुमेहाचा परिणाम तिथेही झालेला असण्याची शक्यता जास्त असते.

दुसरी, ट्रिगर फिंगर. बोट वाकवणारी टेंडनची दोरी हाडालगतच्या कड्यांमधून ओवलेली असते. तळहाताच्या वरच्या घडीजवळची पहिली कडी जाड झाली किंवा दोरीवर गाठ आली की ती तिथे अडकते. सकाळी बोट वाकलेलं राहतं आणि दुसऱ्या हाताने सरळ केलं की ‘कट्’ करून सुटतं. लोकांना झटका मधल्या सांध्यात जाणवतो, म्हणून ते तिथेच चोळत बसतात. तळहातावर, बोटाच्या मुळाशी अंगठा ठेवून बोट हलवायला सांगा. आतली गाठ सरकताना स्पष्ट लागते. रात्री बोट सरळ ठेवणारी पट्टी, स्टिरॉइडचं इंजेक्शन, आणि नाहीच जमलं तर कडी मोकळी करण्याची छोटी शस्त्रक्रिया असा क्रम असतो. मधुमेहात इंजेक्शनचा गुण थोडा कमी येतो आणि नंतर काही दिवस साखर वाढते, हे आधीच माहीत असावं.

तिसरी, डुपुत्रेनचा आजार. तळहाताच्या त्वचेखालचा पडदा जाड होऊन दोरखंडासारखा ताणला जातो आणि अनामिका किंवा करंगळी तळहाताकडे ओढली जाते. तळहातावर खळगा किंवा गाठ दिसते. गियोम डुपुत्रेन या फ्रेंच शल्यविशारदाने १८३१ साली यावर शस्त्रक्रिया केली, त्याचं नाव याला पडलं. हात टेबलावर पालथा ठेवून पूर्ण सपाट टेकतो का ते बघा. टेकत नसेल तर हाताच्या सर्जनना दाखवायची वेळ झाली आहे. मसाज आणि ताण देऊन हा दोरखंड सुटत नाही, त्यासाठी महिने घालवू नयेत.

चौथी, मनगटात नस दाबली जाणं, म्हणजे कार्पल टनेल. अंगठा, तर्जनी, मधलं बोट आणि अनामिकेची अर्धी बाजू यांत मुंग्या येतात, रात्री जाग येते, हात झटकला की बरं वाटतं. करंगळी सुटलेली असते, हे लक्षात ठेवा. उतारवयात मात्र हे इतकं ठळक नसतं. मुंग्यांची तक्रार कमी आणि नुसता बोथटपणा जास्त असतो. बटण बोटात आहे की निसटलं ते कळत नाही. अंगठ्याच्या बुंध्याचा मांसल उंचवटा सपाट झाला असेल तर नस बरेच दिवस दाबलेली आहे, आणि मग नसेची तपासणी लगेच करावी. सुरुवातीच्या अवस्थेत रात्री मनगट सरळ ठेवणारा पट्टा चांगलं काम करतो. थायरॉइड कमी असेल तरीही हेच होतं, म्हणून मी टी. एस. एच. तपासलं आहे का हे नेहमी विचारते.

आता ज्यात बोटं मोकळी असतात पण ऐकत नाहीत, त्या गटाकडे येते. इथे माझी स्वतःची एक चूक सांगायला हवी. बऱ्याच वर्षांपूर्वी सत्तरीचे एक निवृत्त शिक्षक ‘बोटं आखडतात, खडू धरता येत नाही’ म्हणून आले. बोटांवर झिजेच्या गाठी होत्या. मी त्या पाहिल्या आणि महिनाभर मेणाचा शेक आणि व्यायाम दिले. फरक पडेना. एके दिवशी त्यांची पत्नी सहज म्हणाली, ‘हल्ली भिंतीला हात लावून चालतात.’ मी त्यांना भराभर मूठ उघड-मीट करायला सांगितलं. दहा सेकंदांत साधारण २० वेळा तरी जमायला हवं; त्यांचं दहावर अडलं. माझ्या हाताने मात्र बोटं पूर्ण मिटत होती. मानेच्या एम. आर. आय. मध्ये मज्जारज्जू दाबलेला निघाला. शस्त्रक्रियेनंतर आणखी बिघाड थांबला, पण गेलेलं सगळं परत आलं नाही. तो महिना मला अजून टोचतो. तेव्हापासून हात तपासताना मी प्रत्येकाला चार पावलं चालून दाखवायला सांगते.

कंपवातही असाच फसवतो. एकाच हातापासून सुरुवात, अंगठा-तर्जनीची टिचकी हळूहळू लहान होत जाणं, अक्षर बारीक होत जाणं, चालताना तो हात न हलणं. कंप प्रत्येकाला असतोच असं नाही. आणि हातातली ताकद अचानक गेली, बोलणं अडखळलं, तोंड एका बाजूला झुकलं तर तो पक्षाघात समजून एक मिनिटही न दवडता रुग्णालयात न्यायचं.

बाकीची कारणं झरझर सांगते. पडून मनगट मोडलं आणि प्लास्टर झालं की लोक बोटंही हलवत नाहीत. प्लास्टरमध्येही बोटं, कोपर आणि खांदा दिवसातून अनेकदा हलवायचे असतात. नाहीतर हाड जुळतं आणि हात आखडतो. एकच सांधा रातोरात लाल, गरम, सुजलेला झाला तर युरिक ॲसिडचा गाउट किंवा कॅल्शियमच्या खड्यांचा दाह असू शकतो. सोबत ताप असेल तर जंतुसंसर्ग समजून तातडीने दाखवावं. स्तनाच्या कर्करोगानंतर दिल्या जाणाऱ्या लेट्रोझोल, अ‍ॅनास्ट्रोझोल या गोळ्यांनी सकाळी हात आखडतात. गोळी स्वतःहून बंद करू नये, डॉक्टरांना सांगावं.

घरी काय करायचं? सकाळी कोमट पाण्यात पाच-दहा मिनिटं हात बुडवून त्यातच बोटं हलवायची. मधुमेहात त्वचेला चटका कळत नाही, म्हणून पाणी आधी दुसऱ्या कुणी कोपराने तपासून घ्यावं. भाजलेले हात घेऊन आलेले वृद्ध मी पाहिले आहेत. मग बोटांची क्रमाने हालचाल: सगळी बोटं सरळ, मग फक्त वरचे दोन सांधे वाकवून आकड्यासारखी, मग पूर्ण मूठ, मग बोटं सरळच ठेवून फक्त मुळाशी वाकवून टेबलासारखी, शेवटी टोकं तळहाताच्या तळाशी टेकवून चपटी मूठ. प्रत्येक स्थितीत दोन-तीन सेकंद, पाच-दहा आवर्तनं, दिवसातून तीन वेळा. ओढाताण करायची नाही.

रबरी चेंडू दाबायचा सल्ला सगळेच देतात. मी तो सरसकट देत नाही. ट्रिगर फिंगर असेल, अंगठ्याचं मूळ दुखत असेल किंवा सांधे सुजलेले असतील तर तो चेंडू त्रास वाढवतो. आखडलेल्या हाताला आधी हालचाल परत मिळवून द्यायची, ताकदीचं नंतर बघू. झिजेच्या दुखण्यावर डायक्लोफेनॅकचं मलम लावून बघायला हरकत नाही, पण पोटात घ्यायच्या वेदनाशामक गोळ्या डॉक्टरांना न विचारता रोज चालू ठेवू नका. मधुमेह आणि वय दोन्ही असताना त्या मूत्रपिंडांना आणि रक्तदाबाला महाग पडतात.

डॉक्टरांकडे जाताना आठवडाभराची टिपणं न्या: सकाळी किती मिनिटं आखडलं, कोणते सांधे, मुंग्या कोणत्या बोटांत, मूठ वळल्यावर किती फट राहते, कोणती औषधं चालू आहेत. सुजलेल्या हाताचा फोटो सकाळीच काढून ठेवा, कारण दुपारच्या अपॉइंटमेंटपर्यंत सूज उतरलेली असते. साखरेचा तीन महिन्यांचा अहवाल, एचबीए1सी, सोबत असू द्या.

आणि त्यांच्या बोटात अंगठी असेल तर आजच, साबण लावून, काढून ठेवा. सांधा जाड झाल्यावर ती निघत नाही, आणि एखाद्या सकाळी बोट सुजलं की ती कापून काढावी लागते.